रुमालाखालचा भाव

चाकणच्या बाजारात कांद्याचा काय, बैलाचा काय, भाव तोंडानं बोलत नसत. दलाल रुमाल पसरायचा, त्याखाली हात घालायचा आणि माल घेणारा आडत्या बोटं दाबून भाव सांगायचा. खाली कळलेलं वर बोलायचं नाही, असा रिवाज. आमचे दलाल मीरासाहेब त्या रिवाजाचे इतके पक्के, की घरी बायकोलाही कधी भाव सांगितला नसेल. माझं चहाचं दुकान त्यांच्या बसायच्या जागेला लागूनच, म्हणून मला सगळं ठाऊक.

बाईमाणसानं रुमालाखाली हात घालायचा नाही. त्यामुळे रुक्मिणीबाईचा कांदा दरसाल मीरासाहेबच विकून द्यायचे. नवरा गेलेला, शेत तीच बघायची. छप्पन साली गाडी सोडता सोडता म्हणाली, "दादा, बियाणं येईल एवढा तरी भाव आणा. न्हाईतर एक बैल काढावा लागंल." आता एक बैल गेला की दुसरा नुसता खायला उरतो. नांगर काय माणसांनी ओढायचा?

मीरासाहेब पहिल्या आडतीवरनं मान हलवत परत आले. बाई म्हणाली, "मग पुढच्या दुकानी बघा की." ते गेले. तिथनं पुढं गेले. पाट्या निराळ्या, गादीवरची माणसं निराळी, पण वर्षभरात उद्धवरावशेट नावाच्या व्यापाऱ्यानं एकेक आडत गिळली होती. माल पुण्याला नेणाऱ्या मोटारीही त्याच्याच. रुमालाखाली जिथं तिथं तीच बोटं दाबली जात होती. आणि हा भला माणूस रिवाजापायी बाईला ते सांगेना. माझं डोकंच फिरलं.

"बाई, पाट्या बघू नका," मी म्हणालो. "मालक एकच हाय. कशाला त्यांना पळवताय?"

"व्हय दादा?" तिनं विचारलं. मीरासाहेब रुमालाची घडी घालत बसले.

शेवटी कांदा पहिल्याच दुकानी उतरला, तोही फिरून आलेला माल म्हणून भाव आणखी पाडून. बाईनं गाडीचा एक बैल सोडला. "याचं बघा," म्हणाली.

गिऱ्हाईक आलं. मीरासाहेबांनी रुमाल टाकला, हात घातला आणि झटक्यात काढून घेतला. जन्मात पहिल्यांदा ते भर बाजारात रुमालाखालचं बोलले. भाव सांगितला आणि म्हणाले, "रुक्मिणीबाई, देऊ नका. हा बी उद्धवरावांचाच माणूस हाय."

"असू द्या," ती म्हणाली. "दुसरं हाय कोण?"

आणि तिनं कासरा त्याच्या हातात दिला.