कोड काकांच्या फोनवर

आमच्या मंडळाच्या वेबसाइटवर हळदीकुंकवाचा एक फोटो चढवायचा असला, तरी शैलेंद्रकाकांना फोन करावा लागायचा. मी मंडळाची सेक्रेटरी. ओहायोतल्या डब्लिनमधल्या एका इन्शुरन्स कंपनीत दिवसभर मोठमोठ्या सिस्टिम्स सांभाळते, पण यातून माझीही सुटका नव्हती. वेबसाइट ज्या होस्टिंग कंपनीकडे ठेवली होती, तिथलं खातं काकांनी फार पूर्वी स्वतःच्या नावावर उघडलं होतं. पासवर्ड अख्ख्या कमिटीला पाठ. तो टाकला की कंट्रोल पॅनल म्हणायचं, आता फोनवर आलेला कोड टाका. आणि तो फोन असायचा काकांच्या खिशात.

बरं, कोड येतो तो काही मिनिटांपुरता. माणसाने आकडे सांगावेत आणि मोकळं व्हावं. काकांचं तसं नव्हतं.

"काका, कोड आला का?"

"आला, आला. जेवलीस का?"

"हो काका. कोड?"

"सांगतो ना. तुझ्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का गं, सुहासिनी?"

सासूबाईंचा डोळा, मुलाची अल्जिब्राची परीक्षा, आमच्या गराजच्या दाराची कुरकुर, एवढं सगळं होईपर्यंत कोडची मुदत संपलेली असायची. मग दुसरा मागवायचा. दुसरा आला की विषयही दुसरा. मी दोन मीटिंगांच्या मध्ये जेमतेम वेळ काढून बसलेली आणि तिकडे काका निवांत. माझा नुसता संताप व्हायचा.

शैलेंद्र टिपणीस. वय सत्तरीच्या पुढे. ओहायोच्या हायवे खात्यात पूल तपासायची नोकरी करून रिटायर झालेले. अंगाने सडसडीत, आणि ऐन जुलैतही अंगात हाफ स्वेटर. गाडी इतकी हळू चालवतात की मागे अडकलेल्याने सरळ देवाचं नाव घ्यावं. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही आणि काकांनी आपण होऊन कधी सांगितलं नाही, त्यामुळे पॉटलकला, म्हणजे घरोघरचे पदार्थ आणून जेवायला, जमलेल्या मंडळींची कित्येक वर्षं गप्पांची सोय झाली. घरात ते एकटेच. श्रीखंडाचे रिकामे डबे धुऊन, त्यांत डाळी भरून, ओळीने लावून ठेवतात.

या माणसाला भोचक म्हणायचा मोह मला अनेकदा झाला, पण ते खरं नव्हतं. काका ऐकलेलं विसरायचे नाहीत आणि नुसतं ऐकून सोडूनही द्यायचे नाहीत. कमिटीतल्या राजेशचं व्हिसाचं प्रकरण रखडलंय हे कोड सांगता सांगता कळलं, की त्याच दिव्यातून गेलेल्या कोणाचा तरी फोन राजेशला यायचा. कमिटीतल्याच शंतनूची आई भारतातून आली आणि दिवसभर घरात एकटी बसून रडकुंडीला आली, तेव्हा काकांनी तिला आणि माझ्या सासूबाईंना गाडीत घालून लायब्ररीच्या बागेत नेऊन बसवलं. दोघींची अशी गट्टी जमली की आम्हाला घरी चहा मिळेना. एवढ्या मोठ्या गावात विचारपूस करणारा हा एकच माणूस आहे, असं सासूबाई मला ऐकवायच्या. माझ्याकडे बघून ऐकवायच्या, हे सांगायला नको.

मागच्या शरद ऋतूत वल्लरीने वेबसाइटचं काम घेतलं. इथेच जन्मलेली, इथेच वाढलेली मुलगी. एका हॉस्पिटलची कॉम्प्युटर सिक्युरिटी बघते. आमचा कारभार ऐकून तिने डोक्याला हात लावला.

"वन पासवर्ड फॉर द होल कमिटी? सीरियसली, मावशी?"

मी लगेच तिच्या बाजूने झाले. कधीपासून कोणीतरी हे म्हणावं याची वाट बघत होते.

एका शनिवारी आम्ही दोघी काकांच्या घरी लॅपटॉप घेऊन गेलो. काकांनी चहा केला, चिवड्याचा डबा पुढे ठेवला. वल्लरीने कंट्रोल पॅनलमधलं काकांच्या खात्याचं पान उघडलं. नाव, ईमेल, भाषा, टाइम झोन, फोन नंबर. टाइम झोन अजून भारताचा होता. वल्लरीने तो ओहायोचा केला. मग तिने खातं मंडळाच्या नावावर केलं आणि कमिटीतल्या प्रत्येकाला वेगळं लॉगिन दिलं. काकांचंही एक ठेवलं. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा आणि कोड ज्याचा त्याच्या फोनवर.

"म्हणजे आता कोडसाठी मला कोणाचा फोन नाही?" काकांनी विचारलं.

"नॉट वन!" वल्लरी आनंदाने म्हणाली. "यू वोन्ट बी बॉदर्ड अ‍ॅट ऑल, काका."

"व्हेरी गुड," काका म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "व्हेरी गुड. चिवडा घे ना."

त्यानंतर मी खरोखर सुखात होते. लंच ब्रेकमध्ये लॉगिन करायचं, कोड स्वतःच्या फोनवर बघायचा, दिवाळीचे फोटो चढवायचे, काम फत्ते. वल्लरीने जे केलं ते योग्यच होतं आणि आजही मी तेच म्हणेन. संक्रांतीच्या कार्यक्रमात काका कोटांच्या रॅकपाशी उभे दिसले. हातात फोन होता. येणारा-जाणारा "काय काका, मजेत ना?" म्हणायचा आणि उत्तराची वाट न बघता तिळगूळ हातावर ठेवून पुढे सरकायचा. मीही तशीच सरकले. हॉलचं भाडं, जेवणाची ऑर्डर, मला शंभर कामं होती.

मग फेब्रुवारीत इंडियन ग्रोसरीमध्ये विनीता भेटली. आमची कित्येक वर्षांची खजिनदार. शॉपिंग कार्टला धरून लंगडत होती.

"अगं, काय झालं?"

"गुडघा बदलला. महिना झाला की."

मी उडालेच. आमच्याकडे कोणाचं ऑपरेशन झालं की रोज एकेका घरून डबा जातो, हा मंडळाचा न लिहिलेला नियम आहे. विनीताच्या घरी एकही डबा गेला नव्हता. देवांगने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, महिनाभर फ्रोझन पराठ्यांवर दिवस काढले होते.

"सांगितलं का नाहीस कोणाला?" मी जवळजवळ भांडलेच.

"आपण होऊन फोन करून काय सांगायचं यार? माझा गुडघा कापताहेत, पोळी-भाजी पाठवा? पूर्वी काकांना कोड विचारताना बोलता बोलता सांगून व्हायचं." ती कोथिंबिरीची जुडी उलटसुलट करत म्हणाली, "आता कोणाशी बोलणंच होत नाही."

डब्यांची व्यवस्था इतकी वर्षं मंडळ करतंय असं मी समजत होते. ती काका करत होते. आणि गेले कित्येक महिने त्यांना कोणी काही सांगितलंच नव्हतं, माझ्यासकट. मला फार वाईट वाटलं. त्या संध्याकाळी विनीताकडे वरणभात आणि फ्लॉवरची भाजी पोचवली, पण काकांना फोन करायला माझी बोटं धजेनात. कोड नको, काम नको, मग म्हणायचं काय?

पुढच्या रविवारी काकाच दारात हजर. काखेत लॅपटॉप.

"वेळ आहे का गं? माझ्या लॉगिनमधला फोन नंबर बदलायचाय. ते सेटिंग सापडत नाही."

ज्यांनी हे खातं उघडलं, त्यांना सेटिंग सापडत नाही म्हणे! पण मी बसले. प्रोफाइल उघडलं, जुना नंबर काढला.

"नवा नंबर सांगा."

"तुझा घाल."

"माझा? कशाला?"

"माझा फोन कुठेतरी पडलेला असतो. बॅटरीही टिकत नाही. तुझा कसा, सतत हातात असतो."

त्यांचा फोन त्यांच्या शर्टाच्या खिशात होता. नवा दिसत होता.

"काका, मग तुम्हाला लॉगिन करायचं असलं की दर वेळी मला फोन करावा लागेल."

"हो ना." काका स्क्रीनकडेच बघत होते. "तू कामात असशील तर राहू दे. वल्लरीला चालणार नाही बहुतेक."

वल्लरीला अजिबात चाललं नसतं. हे सगळ्या शिस्तीच्या विरुद्ध होतं, आणि एरवी मीच पहिली ओरडले असते. तरी मी माझा नंबर टाकला. खात्री करायला कोड आला, तो मोठ्याने वाचला. काकांनी एकेक आकडा सावकाश टाकला आणि सेव्ह केलं.

"वल्लरीला मी सांगते," मी म्हटलं.

मंगळवारी मी मीटिंगमध्ये असताना फोन थरथरला. आधी कोड आला, पाठोपाठ काका. मी लॅपटॉप मिटला आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये आले.

"सुहासिनी, कोड आला का गं?"

"आला."

"सांग."

"सांगते ना. आधी सांगा, जेवलात का?"

पलीकडे काकांनी घसा साफ केला.

"मुगाची खिचडी केली होती. मीठ कमी पडलं."

"आणि लोणचं?"

"लोणचं संपलं. विनीताचा गुडघा कसा आहे गं? देवांग म्हणाला, जिना चढवत नाही अजून."

मग गुडघा झाला, देवांगच्या हातच्या पोळ्या झाल्या, शंतनूची आई पुन्हा येणार आहे ते झालं. आत माझं नाव कोणीतरी पुकारत होतं. वेबसाइटवर त्यांना काय करायचं होतं, ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

"अरेच्चा," काका म्हणाले, "गेला की गं कोड. संपली मुदत."

"जाऊ दे," मी म्हटलं. "दुसरा मागवा. मी फोन धरून आहे."