जबाबदार विभागाचा रकाना

आमच्या कारखान्यात वजनकाटे बनतात. ज्या माणसाचा त्या काट्यांवर सर्वांत कमी विश्वास होता, तोच तपासणी विभागाचा प्रमुख होता. अशी अचूक नेमणूक आमच्याकडे दुसरी झालेली नाही. आम्ही त्यांना तोंडावर साहेब म्हणायचो आणि मागे शंकासुर. त्यांना ते कोणी सांगितलं नव्हतं. पण शंका होतीच.

हातात कुठलाही कागद आला की ते आधी त्याची मागची बाजू बघत. सभेत दाराकडे तोंड करून बसत. किराणा घरी आला की कारखान्यातून मोडीत काढलेल्या एका काट्यावर तो पुन्हा तोलत, आणि वजन बरोबर निघालं तर काटा तपासत. मी ड्रॉइंग ऑफिसचा प्रमुख. एकवीस वर्षं आमच्या केबिन शेजारी-शेजारी होत्या आणि मधल्या काचेला त्यांच्या बाजूने पडदा होता.

असा माणूस आम्हाला 'समस्या कल्पकतेने कशा सोडवाव्यात' हे शिकवणार, अशी नोटीस लागली तेव्हा पहिली शंका आम्हालाच आली.

त्याला एक पूर्वपीठिका होती. आदल्या वर्षी बाहेरून एक प्रशिक्षक बोलावला होता. उत्साही माणूस. त्याने फुगे आणले होते, रंगीत चिकटचिठ्ठ्या आणल्या होत्या आणि आम्हाला मोकळे व्हा म्हणून सांगितलं होतं. शंकासुरांनी तीन दिवसांत त्याला एक्केचाळीस प्रश्न विचारले. "हा फुगा फुटला तर त्याची नोंद कोणाच्या नावावर होणार?" हा त्यातला सौम्य. तिसऱ्या दिवशी प्रशिक्षकाचा घसा बसला आणि तो परत आला नाही. संचालक वैतागून म्हणाले, "एवढं कळतं ना तुम्हाला, मग तुम्हीच शिकवा."

घरी शंकासुरांनी हे सांगितलं तेव्हा त्यांच्या बायकोने चहाचा कप खाली ठेवला.

"तुम्ही शिकवणार? अहो, माणसं वर्गात येणार आहेत की साक्ष द्यायला?"

संचालकांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती त्यांनी घरीही सांगितली नाही. आठ बुधवार संपले की बारा जणांबद्दल एकेक ओळ लिहून बंद पाकिटात द्यायची होती: कोण कामाचा, कोण नुसता जागा अडवतो. "तुमचा तपासणी विभाग उत्पादनाखाली न्यायचा विचार आहे, ते कानावर आलंच असेल," संचालक म्हणाले होते. "बघू. वर्ग कसा होतो त्यावर ठरवू."

तपासणीत चार जण होते, चौघांनाही त्यांनी स्वतः घडवलं होतं. विभाग उत्पादनाखाली गेला म्हणजे ज्याचा माल नापास करायचा, त्यालाच रजेचा अर्ज द्यायचा. तपासणीत याला शेवट म्हणतात.

आम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तरी आम्ही सगळं बरोबर ओळखलं होतं.

वर्ग स्टोअरच्या वरच्या खोलीत, बुधवारी तीन ते पाच. बारा प्रमुख, सरासरी वय पन्नास, चष्मे अकरा. शंकासुरांनी फळ्यावर लिहिलं: 'विकलेले काटे दुपारनंतर रिकामे असतानाही वजन दाखवतात. का?' सहा महिने हीच तक्रार येत होती आणि सहा महिने आम्ही एकमेकांकडे बघत होतो. त्यांनी प्रत्येकाला कोरी चिठ्ठी दिली.

"तुमच्या विभागात जे खटकतं ते लिहा. नाव घालू नका."

बारा जणांनी आपापली चिठ्ठी उलटी करून पाहिली.

"साहेब," स्टोअरवाले म्हणाले, "नाव नाही घालायचं, पण अक्षर आमचंच राहणार ना?"

"मग डाव्या हाताने लिहा."

"मी डावराच आहे."

शेवटी चिठ्ठ्या गोळा झाल्या. बाराच्या बारा चिठ्ठ्यांवर एकच समस्या होती: कँटीनचं दार करकरतं. हे आम्ही जेवणाच्या सुट्टीत ठरवलं होतं. दार कुठल्याच विभागाचं नव्हतं, हा त्याचा मोठा गुण.

त्यांनी चिठ्ठ्या मांडून नीट पाहिल्या. मग खाली गेले आणि कँटीनचं दार सात वेळा उघडून लावलं. आम्ही वरच्या खिडकीतून मोजलं. परत आले.

"दार करकरत नाही."

स्टोअरवाले म्हणाले, "आज नाही करकरत. सोमवारी करकरतं."

दुसरा बुधवार दाराच्या बिजागरीत गेला, तिसरा दाराच्या इतिहासात. चौथ्या बुधवारी पेंटशॉपवाल्यांनी दाराला कोणता रंग बरा दिसेल यावर दहा मिनिटं मनापासून भाषण केलं. शंकासुर मधूनमधून एका छोट्या वहीत काहीतरी टिपत आणि वही खिशात घालून खिशाचं बटण लावत. त्या बटणाने आमचा उरलासुरला विश्वास संपवला. पॅकिंग विभागाच्या प्रमुख, ज्यांना सगळे ताई म्हणतात, एरवी फार बोलत नाहीत. जिना उतरताना त्या मला म्हणाल्या, "यादी चाललीय. माझं नाव वर असणार बघा."

"तुमचं का?"

"उगाच विचारलंत," असं म्हणून त्या पुढे निघून गेल्या. आता माझी शंका त्यांच्याकडे वळली.

पाचव्या बुधवारच्या आधीच्या रविवारी शंकासुरांच्या घरी नळ सुरू राहिला. बादली भरून वाहू लागली, पाणी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आलं. ते पाण्याच्या अलीकडे उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "नळ कोणी सुरू ठेवला?"

बायको त्यांच्या बाजूने पुढे गेली, नळ बंद केला आणि फडकं त्यांच्या हातात दिलं. "तीस वर्षं या घरात पाणी वाहतंय आणि तुम्ही आरोपी शोधताय. आधी पुसा. कोणी ठेवला ते मग मी सांगते."

"कोणी ठेवला?"

"तुम्ही."

हे त्यांनीच वर्गात सांगितलं. मी नंतर त्यांच्या घरी जाऊन बायकोकडून खात्री करून घेतली, कारण असल्या गोष्टी शिकवणारे लोक सोयीने रचतात. खरी निघाली. उंबऱ्याजवळची फरशी अजून फुगलेली होती.

पाचव्या बुधवारी ते आले ते हातात तक्रारपत्रकांचा गठ्ठा घेऊन. हे पत्रक आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. कारखान्यात काहीही बिघडलं की ते भरायचं. सर्वांत वर, जाड चौकटीत, पहिला रकाना: 'जबाबदार विभाग'. तो भरल्याशिवाय पुढे लिहिता येत नाही. कारकून पत्रक परत पाठवतो. काय बिघडलं, ते त्याच्या खाली. म्हणजे बिघाड काय हे कळायच्या आधी तो कोणी केला हे आमच्याकडे ठरलेलं असतं. वीस वर्षं आम्ही असंच काम केलं आणि आम्हाला ते शिस्तीचं वाटत होतं.

"हे पत्रक कोणी तयार केलं?" त्यांनी विचारलं.

तयार त्यांनीच केलं होतं. खाली कोपऱ्यात त्यांची आद्याक्षरं होती.

त्यांनी गठ्ठा कागद कापायच्या यंत्रावर ठेवला आणि एका दणक्यात वरची पट्टी उडवली. जाड चौकटी जमिनीवर पडल्या. मग त्यांनी खिशाचं बटण काढलं आणि ती छोटी वही टेबलावर उघडी ठेवली. आम्ही सगळे पुढे वाकलो. पानापानावर फक्त दाराबद्दल लिहिलेलं होतं. आम्ही जे जे बोललो ते सगळं, तारखेसह.

"शेवटी तुमच्याबद्दल एकेक ओळ द्यायला मला वरून सांगितलंय," ते म्हणाले. "तुम्हाला शंका होतीच. आता लपवत नाही. ओळी काय द्यायच्या ते अजून ठरवलेलं नाही."

"म्हणजे आम्ही बोललो तर चांगली ओळ, असंच ना?" पेंटशॉपवाल्यांनी विचारलं.

"तसं मी म्हटलं तर तुम्ही विश्वास ठेवाल?"

"नाही."

"म्हणून म्हणत नाही."

पहिलं पत्रक कोणी उचलेना. मग ताईंनी उचललं. उलटं करून बघितलं, सुलटं केलं आणि लिहायला लागल्या. लिहिलेलं त्यांनी उभं राहून वाचलं.

काटा प्रवासात हलू नये म्हणून पॅक करताना एक स्क्रू आवळतात. ग्राहकाने तो सैल करायचा असतो. मागच्या वर्षी दोन काटे वाटेत मोडले. त्या वेळच्या पत्रकावर जाड चौकटीत 'पॅकिंग' आलं होतं. त्यानंतर ताईंनी तो स्क्रू दोन फेरे जास्त आवळायला सांगितलं होतं. मोडायचं थांबलं. त्यांनी कोणाला सांगितलं नाही, कारण सांगायचं तर पत्रक भरावं लागलं असतं.

मी ड्रॉइंग ऑफिसचा. स्क्रू जास्त आवळला तर भार पेलणारी आतली लोखंडी पट्टी केसभर वाकणार, आणि दुपारी लोखंड तापून फुगलं की ती कव्हरला टेकून काटा रिकामाच वजन दाखवणार, हे मला ताईंचं वाक्य संपायच्या आत कळलं. मला आणखी एक गोष्ट ठाऊक होती. कव्हर आणि पट्टी यांच्यातली जागा दोन वर्षांपूर्वी मीच कमी केली होती, काटा दिसायला सडपातळ व्हावा म्हणून. मी गप्प बसायचं ठरवलं आणि माझा हात पत्रकाकडे गेला, ते लिहूनही मोकळा झाला. ते धैर्य होतं असं मला वाटत नाही. बाकीचे अकरा जण माझ्याकडे बघत होते.

"आणि पॅक केल्यानंतर काटा कोण तपासतं?" स्टोअरवाल्यांनी विचारलं.

शंकासुर म्हणाले, "कोणीच नाही. तपासणी पॅकिंगच्या आधी होते. तसा नियम मीच केला. नंतर काय बिघडणार, असं मला वाटलं." मग म्हणाले, "या एका ठिकाणी मला शंका आली नाही."

आठव्या बुधवारनंतर त्यांनी पाकीट दिलं. आत बारा ओळी नव्हत्या. जुन्या पत्रकाची कापलेली एक पट्टी होती. जाड चौकटीत त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: तपासणी. सोबत नवा नियम सुचवला होता: तपासणीचे चार जण पॅकिंगच्या पलीकडे बसवावेत.

संचालकांनी सूचना मान्य केली आणि संधीही साधली. चौघे पॅकिंगच्या पलीकडे बसले आणि विभाग उत्पादनाखाली गेला. शंकासुरांची केबिन गेली. मधल्या काचेवरचा पडदा मी काढला. पलीकडे आता नुसती खोकी दिसतात. दुपारची तक्रार थांबली. ताई जागेवर आहेत, मीही आहे.

चौघे तपासनीस मात्र शंकासुरांशी बोलेनासे झाले. साहेबांनी बारा प्रमुखांना वाचवायला आपल्याला विकलं, असं त्यांचं म्हणणं. मी एकदा समजावायला गेलो. त्यांच्यातला वडीलधारा तपासनीस म्हणाला, "तुम्ही सांगताय म्हणजे तुमचंही काही असणार त्यात." होतंच.

शंकासुर आता फक्त बुधवारी येतात आणि वर्ग घेतात, स्टोअरच्या त्याच खोलीत. गेल्या महिन्यात नवी तुकडी सुरू झाली. शेवटच्या बाकावर तो वडीलधारा तपासनीस बसला होता. उत्पादनवाल्यांनी पाठवलं म्हणे. शंकासुरांनी कोरे कागद वाटले. बाकीचे ते घेऊन लिहायला लागले. तपासनीसाने कागद उलटा केला, उजेडात धरला, कडेवरून बोट फिरवलं.

शंकासुर त्याच्या बाकापाशी जाऊन थांबले.

"बघून घ्या नीट," ते म्हणाले. "घाई नाही."

त्याने कागद आणखी एकदा उलटा केला, आणि तोवर ते तिथेच उभे राहिले.