भिंतीवरची पांढरी डबी

डोंगरकडा गावाकडच्या आमच्या टिनाच्या खोलीत एप्रिल लागला की दुपारी कुणी थांबायचं नाही. आई-बाप रोजानं हळदीच्या शेतात आणि मी लिंबाखाली पुस्तक घेऊन. हिवाळ्यात पत्रा असा गार पडायचा की सगळी भावंडं एकाच गोधडीत. उकाडा असो की गारठा, आमच्या हातात काही नव्हतं. घरातली पहिली पदवी मी घेतली आणि ते मी मिरवते.

हिंगोलीजवळच्या एका मसाला कंपनीत हिशेब बघता बघता मला स्वतःची केबिन मिळाली. पश्चिमेची, दुपारनंतर काच नुसती तापायची. सगळ्या केबिनींचा एसी एकच, आणि त्याचं बटण उत्तरेकडच्या मॅनेजर साहेबांच्या खोलीत. त्यांना गार वाटलं की ते बंद करायचे, इकडं मी घामानं निथळायची.

मी तक्रार केली, तर साहेब म्हणाले, "मॅडम, तुमी तर टिनात वाढलेल्या. तुमाला काहून तकलीफ होऊन राहिली?"

समोर बसलेले दोघं हसले. गरिबीत उकाडा सोसला म्हणजे जन्मभर सोसायचा करार केला काय?

पुढे परदेशी गिऱ्हाइकांसाठी इमारतीला पर्यावरणपूरक असल्याचं हरित प्रमाणपत्र घ्यायचं ठरलं. त्यात अट होती: केबिनमध्ये एकटं बसणाऱ्याला आपल्या खोलीतला गारवा किंवा ऊब स्वतः कमी-जास्त करता आली पाहिजे. वाटलं, सुटले. एका सकाळी प्रत्येक केबिनच्या भिंतीवर पांढरी डबी दिसली. बटण दाबलं की आकडा बदलायचा. हवा मात्र तीच. शेवटी वैतागून झाकण उघडलं. आत नुसते सेल होते, एसीला जोडणारी तार नव्हतीच.

प्रमाणपत्र देणारे तपासनीस आले तेव्हा साहेब माझ्या कानाशी म्हणाले, "फकस्त व्हय म्हणा. शहाणपणा नको."

तपासनिसांनी विचारलं, "खोलीचं तापमान तुम्हाला बदलता येतं?"

"न्हाई." मी डबी भिंतीवरून ओढून त्यांच्या हातात दिली. "हे खेळणं आहे. खरं बटण साहेबांच्या खुर्चीमागं आहे."

तपासनीस गेल्यावर साहेब सगळ्यांसमोर ओरडले, "उद्यापासून येऊ नका!"

मी दुसऱ्या दिवशी वेळेवर गेले. साहेबांना म्हणाले, "मालकांच्या तोंडून ऐकू द्या, मग जाते." मालक तसं काही बोलले नाहीत, कारण प्रमाणपत्र अडलं होतं आणि खोटं कुणाचं हे त्यांना कळलं होतं. साहेबांनी माफी मागितली नाही, आणि मी त्यांना माफ केलेलं नाही.

महिनाभरात छत उघडून हवेच्या वाहिन्यांत झडपा बसवल्या, तारा ओढल्या. आता प्रत्येक केबिनला चालणारं कंट्रोल आहे, आणि माझ्या केबिनचं तापमान मी ठरवते.