डायानाच्या तळ्याकाठी दहीभात

शहराबाहेर जायची प्रवासबंदी उठली त्या आठवड्यात मी आणि माझी लेक मृणाल क्रेगीबर्न या तिच्या उपनगरातून निघालो. मी मार्चमध्ये इथे परदेशी तिच्याकडे सहा आठवड्यांसाठी आले आणि कोविडमुळे विमानं बंद झाली. आता तिला आठवा महिना होता. घरात बसून कंटाळली होती. गाडी मी चालवली. दोन तास पिवळं गवत, मेंढ्या, मग एक छोटं गाव आणि त्याची आर्ट गॅलरी.

दारात सॅनिटायझर आणि राखण करणाऱ्या म्हाताऱ्या बाई, आत आम्ही दोघीच. अठराव्या शतकातली फ्रेंच चित्रं होती, रोकोको शैलीची. गुलाबी कांती, फिकट निळं रेशीम, गुबगुबीत ढग. शेवटच्या दालनात डायाना (रोमन लोकांची शिकारीची देवी) सख्यांसह तळ्यात पाय सोडून बसली होती. चित्रकार अज्ञात. सगळ्यांचा चेहरा एकच, हसूही एकच. मी मोजल्या. सात.

आमच्या भोरकडे नदीच्या डोहावर साती आसरा (पाण्यातल्या देवता) मानतात. गरोदर बाईने भर दुपारी तिकडे फिरकायचं नाही, आसरा धरतात. चुकून गेलीच, तर दहीभात ठेवायचा. घड्याळात बारा वाजून गेले होते.

मृणाल समोरच्या बाकावर बसली. "आई, बाळ सकाळपासून हललं नाहीये."

"आत्ता सांगतेस?"

"मला वाटलं, गाडीत झोपलंय."

तिला डाव्या कुशीवर निजवलं, गार ज्यूस पाजला. काही नाही. तिने आपल्या हॉस्पिटलला फोन लावला. जवळच्या हॉस्पिटलमध्ये लगेच जा म्हणाले. ती बोलत असताना मी जेवणाचा डबा उघडला आणि चमचाभर दहीभात चित्राखाली टेकवायला वाकले.

"इथे खायचं नाही, लव्ह," गॅलरीतल्या म्हाताऱ्या बाई इंग्रजीत म्हणाल्या.

"खात नाहीये. ठेवतेय."

"कोणासाठी?"

मी वर बोट दाखवलं. बाईंनी चित्राकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "मग झाकणात ठेवा. गालिच्यावर नको."

हॉस्पिटलमध्ये कोविडमुळे फक्त पेशंटला प्रवेश. मी पार्किंगमध्ये चाळीस मिनिटं बसले. गाडीत उकडत होतं. एकाही देवाचं नाव सुचलं नाही. त्या सात गुलाबी बायांनाच सांगत राहिले, "जेवलात ना? आता सोडा तिला."

फोन वाजला. मृणालचा होता. तिने फोन बाळाचे ठोके ऐकवणाऱ्या मशीनपाशी धरला. टपटप, टपटप, घोडं दौडावं तसं.

तासाभराने ती बाहेर आली. "नॉर्मल आहे. लाथा मारतंय आता. आणि आई, दहीभात? सीरियसली? आपलं लंच होतं ते."

मी पंचवीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. डोहात भोवरे असतात, बाया नसतात, हे मुलांकडून घोकून घेतलं. अजूनही तेच शिकवेन.

परतताना रस्त्याला लागून क्रीक (ओढा) आली. पाणी स्वच्छ, काठावर सावली.

"थांबूया का? पाय सुजलेत, बुडवते जरा."

"घरी बादलीत बुडव," मी म्हटलं आणि गाडीचा वेग वाढवला.