कोपऱ्यातल्या टेबलावरचा रुमाल

माझा डावा कान कामाचा नाही. लहानपणी तो वाहायचा, आई गरम तेल घालायची, आणि असं करता करता एक दिवस तो गेलाच. लग्न ठरताना हे सांगितलं होतं. नोकरीत नाही सांगितलं, कारण नोकरीच ऐकायची. अमरावतीला बियाण्यांच्या एका कंपनीचं ऑफिस आहे. तिथं मी हेडफोन लावून बसते आणि शेतकऱ्यांच्या फोनला उत्तरं देते. तुरीवर अळी आली, काय मारू? सोयाबीन पिवळं पडून राहिलं, काहून? उजवा कान माझा ठणठणीत आहे, दोघांचं काम एकटा करतो. पण ‘एका कानानं बहिरी’ असं कागदावर चढलं की आपलं संपलं, अशी माझी पक्की समजूत. आमचा करार वर्षाचा. दर मार्चला तो पुढं चालू होतो, नाहीतर होत नाही.

सहा वर्षं हे झाकून राहिलं ते एका कोपऱ्यामुळं. दारातून आत आलं की डाव्या हाताला, अगदी कडेचं टेबल. त्याच्या डावीकडं भिंत. भिंत काही बोलत नाही, आणि ज्याला बोलायचं तो उजवीकडूनच येणार. मी तिथं सुखात होते.

मग ऑफिस नव्या पद्धतीचं झालं. पुण्याहून आलेल्या मॅडमनी सगळ्यांना उभं करून सांगितलं, की आता कुणाचंच टेबल कुणाचं नाही, सगळी टेबलं सगळ्यांची. आदल्या दिवशी मोबाईलवर जागा नोंदवायची, सकाळी दहाच्या आत येऊन टेबलावरचा कोड स्कॅन करायचा. नाही केला तर जागा गेली. मी येते अकोल्याहून. गाडीनं बडनेरा, तिथून ऑटो, कितीही जीव काढला तरी सव्वादहा होतात. माझी ड्यूटी साडेदहाची, त्यामुळं उशीर कधी नाही. पण जागा मात्र रोज जायची.

आता, आमच्या वऱ्हाडात जागा मोबाईलवर धरत नाहीत, रुमालानं धरतात. एसटी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल आत पडतो, आणि एकदा पडला की तो उचलायची कुणाची छाती होत नाही. आठ दिवसांत आमच्या हॉलमध्ये तेच सुरू झालं. टेबलाटेबलावर रुमाल, डबे, पाण्याच्या बाटल्या. मोबाईल सांगतो जागा रिकामी, अन् टेबलावर रुमाल! मॅडम बिचाऱ्या बघतच राहिल्या. ‘‘हे काय आहे?’’ ‘‘जागा धरली मॅडम.’’ त्या ॲपवाल्यानं सगळ्याचा विचार केला होता, रुमालाचा नव्हता केला.

माझ्या कोपऱ्यावर रोज एक रुमाल असायचा. निळ्या चौकड्यांचा, मोठा. तो कुणाचा हे मला ठाऊक होतं. शेजारच्या टेबलावर एक भाऊ बसायचे, धारणीकडचे, अमरावतीत खोली घेऊन राहणारे. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे असतील. सकाळी साडेआठलाच हजर. तो रुमाल दिसला की माझं डोकं तापायचं. मी तोंड फिरवायची आणि तरातरा पलीकडं, खिडकीजवळच्या मधल्या टेबलावर जाऊन बसायची. अर्ध्या तासानं पाहावं, तर भाऊ स्वतःच कोपऱ्यात सरकलेले. म्हणजे एक जागा बसायला आणि एक पाय पसरायला! मनातल्या मनात मी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. एकदा ते चहाच्या वेळी माझ्याकडं येताना दिसले, तर मी कप उचलून चालू पडले.

मधल्या टेबलावर माझे हाल कुत्रं खाईना. डावीकडून कुणी बोललं की मला पत्ता नाही. एकीनं लेकीच्या लग्नाचं आमंत्रण डावीकडून दिलं, मी मानही हलवली नाही, ती महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मग फेब्रुवारीत मॅडमनी मला बोलावलं. समोर कागद होता. त्यावर लिहिलं होतं, ‘हाक मारली तर ओ देत नाहीत. सहकाऱ्यांशी फटकून वागतात.’ मॅडम म्हणाल्या, ‘‘करार पुढं न्यायचा की नाही, हे मला याच्यावरून ठरवायचंय. पुढच्या सोमवारी बोलू.’’ मी हो म्हणून बाहेर आले. घरी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, ‘‘सांगून टाक न कानाचं.’’ मी म्हटलं, ‘‘तुले काय जाते सांगाले!’’ आणि रडले.

दुसऱ्या दिवशी सव्वादहाला दारात शिरले. कोपऱ्यावर तोच निळा रुमाल. का कोण जाणे, त्या दिवशी तोंड फिरवलं नाही. सरळ गेले, रुमाल उचलला आणि भाऊंच्या टेबलावर आपटला.

‘‘हे काय एसटी हाय का तुमच्या बापाची? एका मानसाले दोन दोन जागा लागतात का?’’

हॉलमधल्या सगळ्यांनी माना वळवल्या. मॅडम काचेतून बघत होत्या. आता भाऊ मला चार शब्द सुनावतील म्हणून मी कंबरेवर हात ठेवून तयार होते.

भाऊ उठले. ते माझ्या डावीकडं उभे होते. मागून वळसा घालून ते माझ्या उजवीकडं आले आणि हळू आवाजात म्हणाले, ‘‘ताई, रुमाल तुमच्यासाठीच टाकतो मी. अकोल्याहून येता, गाडीचं मानूस. तुमची जागा धरून ठेवा लागते न. रोज दोनदा हाक मारतो, ताई, इकडं या. तुमी पाहतच नाई. तुमी दुसरीकडं बसल्या की मंग मीच तिथं सरकतो, दुसऱ्या कोनाले त्या जागेची सवय लागू नये म्हनून. पयले मले वाटलं, घमंड हाय बाईले. मंग ध्यानात आलं. माह्या मायचाबी असाच एक कान होता. अजून मोठ्यानं हाक मारली असती, पन मंग अख्ख्या हॉलले समजलं असतं.’’

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. एवढे दिवस तो माणूस माझी जागा धरून बसला होता, आणि मी त्याला शिव्या घालत होते. माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाले, ‘‘राहू द्या हो. बसा आधी. फोन वाजून राहिला.’’

कोपऱ्यात बसून मी तो फोन घेतला. शेतकरी विचारत होता, हरभऱ्याला पाणी देऊ का. माझा आवाज इतका भरून आला होता की तोच म्हणाला, ‘‘बाई, तब्येत बरी नाई का?’’

सोमवारची वाट न बघता दुपारीच मॅडमकडं गेले आणि कानाचं सांगून टाकलं. मॅडम म्हणाल्या, ‘‘अहो, मग हे आधी का नाही सांगितलं? मी भलतंच लिहून बसले की!’’ आणि माझ्यासमोर त्या दोन ओळींवर काट मारली. वयानं माझ्या लेकीपेक्षा थोड्याच मोठ्या असतील, पण त्या क्षणी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. दहाचा नियम वरून आलेला, तो काही त्यांना हलवता आला नाही. मार्चला माझा करार मात्र पुढं चालू झाला. आणि कोपऱ्यावर रोज निळा रुमाल पडत राहिला.

एप्रिलमध्ये भाऊ पुतणीच्या लग्नासाठी आठवडाभर गावी गेले. जाताना म्हणाले, ‘‘सांभाळून घ्या ताई.’’ सोमवारी गाडीत बसल्यापासून डोक्यात एकच. आता कुठली जागा मिळते देव जाणे. कुणी डावीकडून काही म्हटलं तर काय करायचं, याची उत्तरं मूर्तिजापूर येईपर्यंत जुळवत होते.

दारात शिरले. कोपऱ्यावर रुमाल होता. गुलाबी, कडेला बारीक फुलं विणलेला, बायकांचा. मंगळवारी पांढरा होता, पुरुषाचा. बुधवारी चक्क एक ओढणी. रुमाल कुणाचे, हे विचारावं म्हणून मी हॉलभर बघितलं. सगळे हेडफोन लावून फोनवर गुंतलेले, एकानंही मान वर केली नाही.

तेवढ्यात, लेकीच्या लग्नावरून रुसलेली ती बाई चहाचे दोन कप घेऊन आली. मी हॉलकडं तोंड करून उभीच होते, आणि तिची सरळ वाट माझ्या डाव्या हाताला निघत होती. ती त्या वाटेनं आली नाही. दोन टेबलांना वळसा घालून माझ्या उजवीकडं आली आणि म्हणाली, ‘‘घ्या ताई, गरम हाय.’’

हॉलमध्ये कानाचं मी एकट्या मॅडमना सांगितलं होतं, आणि भाऊंनी स्वतः ओळखलं होतं. दोघंही कुणाजवळ बोलणाऱ्यातले नव्हेत. बाकीच्यांना कधीपासून ठाऊक होतं, ते मी आजपर्यंत विचारलेलं नाही. मी चहा घेतला, ओढणीची नीट घडी केली, आणि माझ्या जागेवर बसले.