सुजाताची बाहेरची पुस्तकं

चितेगावच्या कारखान्यात सकाळच्या चहाला टेकलो होतो, तेव्हा मावशींचा फोन आला. "नितीन, ये रे," एवढंच म्हणाल्या सुजाताच्या आई. काय झालं हे विचारायची गरज नव्हती. पैठण रोडवरून गारखेड्याला तिच्या घराकडे येताना मी मोठमोठ्यानं 'नाय, नाय' म्हणत होतो, हे सिग्नलला शेजारचा रिक्षावाला वळून बघायला लागला तेव्हा मला कळलं. सुजाताला जाऊन आता दीडेक महिना होईल. ते 'नाय' अजून थांबलेलं नाही, फक्त आवाज बंद झालाय...

सुजाता शाळेत गणित शिकवायची. कॉलेजपासूनची माझी मैत्रीण. रविवारी दुपारी तिच्या घरी आम्ही चौघं एक खेळ खेळायचो. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात, आणि पात्रांचं काय होणार ते फासे ठरवतात. पहिल्यांदा फाशांचा आवाज ऐकून मावशी स्वयंपाकघरातून धावत आल्या होत्या, "जुगार तर नाय ना गं?" म्हणत. गोष्ट सुजाताच सांगायची, आणि नियमांच्या कुठल्या पुस्तकावरून सांगायची यावर आमचं दर वेळी वाजायचं. मला हा खेळ काढणाऱ्या मूळ कंपनीची पुस्तकं प्रिय. जाड पुठ्ठा, गुळगुळीत कागद, देखणी चित्रं, आणि प्रत्येक नियम खेळून पारखलेला. सुजाताचा जीव बाहेरच्या पुस्तकांवर, म्हणजे त्याच खेळासाठी इतर लहानसहान मंडळींनी लिहिलेल्या. त्यातली बरीचशी तिनं प्रिंट काढून, स्पायरल लावून घेतलेली. त्यांत चुका असायच्या. एखादं शस्त्र तर असं की एका घावात डाव खल्लास. "हे कोणी तपासलंय तरी का?" मी चिडायचो. ती म्हणायची, "तुझं पुस्तक सगळ्यांना चालावं म्हणून लिहिलंय रे. हे कोणाला तरी राहवलं नाय म्हणून लिहिलंय."

तिनं एकदा दुष्काळाचा डाव मांडला. कंपनीच्या पुस्तकात पाणी मंत्रानं तयार होतं. तिनं आणलेल्या पुस्तकात ते वाटून घ्यावं लागायचं, आणि कोणाला किती, ते आपण तोंडानं सांगायचं. मी पिशोरचा, उन्हाळ्यात टँकरभोवती माणसं कशी बोलतात ते मी पाहिलेलं. तो डाव संपला तेव्हा आम्ही चौघं एकमेकांच्या नजरेला नजर देत नव्हतो. त्या दिवशी मी तिच्याशी वाद घातला नाही.

मग तिला रक्ताचा कॅन्सर निघाला. औषधांनी तिचा आवाज बसला, गोष्ट सांगणं जमेना. मी सांगायला लागलो आणि ती पलंगावर उशीला टेकून खेळायची. तिचं पात्र होतं एक नावाडीण. पुस्तक अर्थातच तिच्या पसंतीचं, बाहेरचं. एका लढाईत तिचे फासे उलटे पडले आणि नावाडीण मेली. मी झटक्यात कंपनीचं पुस्तक उघडलं. "ह्यात मेलेल्याला उठवायचा मंत्र आहे. आपण तो घेऊ."

"आपल्या पुस्तकात नाय तो. ह्यात मेलेला परत येत नाय. सोबत्यांनी त्याला त्याच्या गावी न्यायचं."

"सुजाता, खेळ आहे हा! खेळात तरी..." माझा आवाज चढला. बाकीचे दोघं खाली बघत होते.

"खेळात तरी खरं बोल ना माझ्याशी," ती म्हणाली. "दवाखान्यात कोणी बोलत नाय. घरात नाय. तू पण नाय."

मी पुस्तक मिटलं. आम्ही तिघांनी नावाडिणीला होडीत ठेवलं, नदीच्या वरच्या अंगाला नेलं. गावाजवळ आल्यावर मेलेल्याच्या खेळाडूला एक प्रश्न विचारायचा, असा त्या पुस्तकाचा नियम. मी कसाबसा विचारला, "गावात कोण वाट बघतंय?" सुजातानं स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत कुकरची शिट्टी होत होती. "आई," ती म्हणाली... त्यानंतर आमचा डाव मांडला गेला नाही.

बाकीचे दोघं आता येत नाहीत. मी रविवारी जातो, कारण घरी बसवत नाही आणि तिथंही बसवत नाही. मागच्या रविवारी मावशी तिचं कपाट पुसत होत्या. कंपनीचं ते जाड पुस्तक त्यांनी माझ्यासमोर धरलं. पानावर चित्र होतं, जमिनीवर निजवलेली एक बाई डोळे उघडतेय. "काय लिहिलंय रे हे?"

मी सांगितलं.

"म्हणजे परत येतो माणूस?"

"ह्या पुस्तकात येतो, मावशी."

सगळं अनित्य आहे, असं रोज सकाळी बुद्धवंदनेत म्हणणारी ती बाई. माझ्याकडे बघत राहिली. "मग हेच घ्यायचं होतं ना रे तुम्ही..." मी पुस्तक मिटायला हात पुढे केला. "वाच," त्या म्हणाल्या. मी एकेक ओळ मराठीत करून वाचायला लागलो. मोलाचा खडा लागतो. शरीर जवळ असावं लागतं. आणि मेलेल्याची स्वतःची परत यायची इच्छा असावी लागते.

"तिची होती रे इच्छा," मावशी म्हणाल्या. "लई होती. वाच पुढं."

नियम तिथंच संपला होता. मावशी पुस्तकावर हात ठेवून वाट बघत होत्या...