उलटं फिरणारं चक्र

आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या वर्गात मी एकटी मुलगी. आईने सगळ्या भावकीशी भांडून मला शहापूरला पाठवलेलं. त्यामुळे बुद्धपौर्णिमेला विहारात फिरतं धम्मचक्र मी करणार म्हटल्यावर सापगावजवळच्या आमच्या वस्तीत हसायला सगळे टपलेलेच होते!

मोडक्या कूलरच्या पट्ट्या हलवणारी चपटी मोटर मी काढली आणि तिच्यावर पुठ्ठ्याचं चक्र चढवलं. बटण दाबलं, आणि अहाहा! संध्याकाळी व्होल्टेज पडलं, पंखे रेंगाळले, पण माझं चक्र मिनिटाला पाच फेरे म्हणजे पाचच. सिंक्रोनस मोटर ती! वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते आणि आतलं चुंबक त्यांच्याशी पाऊल जुळवून चालतं. व्होल्टेज थोडं कमी झालं म्हणून ते पाऊल चुकत नाही.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी बटण दाबलं, तर चक्र उलटं!

"काय गो, मागं चाललीस का आमाला घेऊन?" कमिटीचे काका म्हणाले. "उद्या असाच झाला तर उतरवून ठेवू, आन बल्बांची माळ लावू."

मी ऐटीत दोन वायरींची अदलाबदल केली. कारखान्यातली थ्री-फेज मोटर अशीच उलटते ना! चक्र सुलटं झालं. बंद करून परत लावलं, तर पुन्हा उलटं. अस्सा राग आला! मग डोक्यात लख्ख उजेड पडला. घरातली वीज नुसती पुढे-मागे झुलते, ती गोल कुठे फिरते? सुरू होताना चुंबक ज्या अंगाला ओढलं जाईल, तिकडेच ते पळत सुटणार. त्या बिचाऱ्याला दिशाच ठाऊक नाही!

मग मी प्रत्येक आरीमागे टाचणी खोचली आणि पावडरच्या डब्याची प्लास्टिकची पट्टी अशी बसवली, की सुलट्या चक्राला ती वाकून वाट देईल आणि उलट्याला अडवेल. अडलं, की चुंबक धडकून आपणच दुसरीकडे वळतं.

पौर्णिमेला वंदना चालू असतानाच लाईट गेली. चक्र थांबलं.

लाईट आली. चक्र थरथरलं आणि उलटं निघालं. काका उठलेच. टक्! पट्टीला धडकलं, आणि सुलटं फिरायला लागलं.

"आता ह्याला कोनी हात लावायचा नाय," काका म्हणाले.

मी बायकांच्या रांगेत आईला शोधलं. तिने चक्राकडे पाहिलंच नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे बघत बसली होती. मी हसले, तेव्हा कुठे तिने मान वळवून चक्र बघितलं.